टायमिंग चेनची मीमांसा

फोर स्ट्रोक इंजिनावर चालणाऱ्या प्रत्येक गिअरलेस स्कूटरच्या पोटात एक बारीक पोलादी साखळी असते, जिचे अस्तित्व ती झिजेपर्यंत मालकाला ठाऊक नसते आणि झिजल्यानंतरही तो ते बराच काळ मान्य करत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत या साखळीला कॅम चेन असे म्हटलेले आढळते. गॅरेजात मात्र ती टायमिंग चेन याच नावाने ओळखली जाते, आणि पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढण्याची प्रथा आपल्याकडे नसल्यामुळे येथे गॅरेजातील संज्ञाच प्रमाण मानली आहे. स्कूटरच्या सुट्या भागांत टायर, ब्रेक आणि बॅटरी यांना जी सामाजिक प्रतिष्ठा आहे ती या साखळीला नाही. टायर गुळगुळीत झाला तर शेजारी आपण होऊन सांगतात, बॅटरी उतरली तर सकाळी सव्वानऊला किक मारण्याचा आवाज सबंध सोसायटी ऐकते. पण टायमिंग चेन झिजल्याची वार्ता एका खडखडीखेरीज दुसरे कोणी आणत नाही. या खडखडीकडे मध्यमवर्गीय मराठी कुटुंब, विशेषतः पुण्यातील, कोणत्या दृष्टीने पाहते आणि शेवटी नाइलाजाने तिचा बंदोबस्त कसा होतो, याचा विचार आजवर व्हावा तितका झालेला नाही.

प्रथम साखळीचे कार्य पाहू. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार फेऱ्यांत आपले काम उरकतो: पहिल्या फेरीत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढतो, दुसरीत ते दाबतो, तिसरीत ते पेटून त्यालाच ढकलते आणि चौथीत तो उरलेला धूर बाहेर काढून देतो. मिश्रण आत येण्यासाठी एक झडप आणि धूर जाण्यासाठी दुसरी, अशा दोन झडपा सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, असतात, ज्यांना वाल्व म्हणतात, आणि त्या योग्य क्षणी उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा, अंगावर उंचवटे असलेला एक आखूड दांडा करतो. पिस्टनच्या चार फेऱ्यांत क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, दोन वेळा फिरतो, पण प्रत्येक झडप मात्र एकदाच उघडावयाची असते. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. हा निम्मेपणा सांभाळण्यासाठी क्रँकवर लहान आणि कॅमवर त्याच्या दुप्पट दात्यांचे, असे दोन स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाके, बसवून ती साखळीने जोडलेली असतात. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने चार फेऱ्यांचे इंजिन 1876 साली चालवून दाखवले आणि हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारागिराने मँचेस्टरमध्ये 1880 साली बुश आणि रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. या दोघांच्या बुद्धीचा संगम सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर कर्वे रस्त्यावरील सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरमध्ये झालेला दिसतो, आणि तिच्यावर बसलेली व्यक्ती त्या वेळी डिकीतली कोथिंबीर चेपली तर नसेल ना, याचा विचार करत असते.

या साखळीच्या श्रमांची कल्पना येण्यासाठी थोडे गणित अपरिहार्य आहे. लहान इंजिनांतील अशा साखळीच्या एका कडीची लांबी बहुधा पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर असते. क्रँकवरच्या चाकाला 17 दाते आहेत असे धरले, तर क्रँकच्या एका फेऱ्यात साखळी सुमारे 108 मिलिमीटर पुढे सरकते. स्कूटर नुसती चालू ठेवून उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, इंजिन मिनिटाला साधारण 1700 फेरे घेते. तेव्हा साखळी ताशी 11 किलोमीटर वेगाने धावत असते. गणपतीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर सापडलेल्या स्कूटरच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो, की वाहनाच्या आतली साखळी ही खुद्द वाहनापेक्षा वेगाने प्रवास करत असते. इंजिन 6000 फेऱ्यांवर गेले की हाच वेग ताशी 39 किलोमीटरच्या घरात जातो. एवढे सगळे धावून साखळी कोठेही पोहोचत नाही, याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्याकडून पोहोचण्याची अपेक्षाच केलेली नसते, वेळ पाळण्याची असते.

टायमिंग चेन ‘ताणली’ असे गॅरेजात म्हटले जाते, पण पोलादाची कडी ओढून लांब होते असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक सांध्यात एक बारीक पिन आणि तिच्याभोवती एक बुश, म्हणजे नळीसारखे कडे असते. या दोहोंच्या घासण्यातून सांधा किंचित सैल होतो. साखळीत 90 कड्या आहेत आणि प्रत्येक सांधा 0.05 मिलिमीटरने, म्हणजे कागदाच्या जाडीच्याही जवळपास निम्म्याने, झिजला असे समजले, तर एकूण लांबीत साडेचार मिलिमीटरची भर पडते. या साडेचार मिलिमीटरमुळे कॅमशाफ्ट क्रँकच्या दोन-तीन अंश मागे राहू लागतो, झडपा उशिरा उघडतात आणि उशिरा मिटतात, उतारावर आणि सपाटीवर फरक जाणवत नाही पण कात्रजच्या चढावर मागे बसलेल्या व्यक्तीच्या वजनाविषयी अनुदार उद्गार निघू लागतात. झीज लवकर होण्याचे प्रमुख कारण इंजिन ऑइल हेच होय. लहान स्कूटरमध्ये ते लिटरभरही नसते, पाऊण लिटरच्या आसपास असते, आणि तेवढ्याच तेलाने पिस्टन, क्रँक, कॅम आणि साखळी या सगळ्यांची तहान भागवावी अशी अपेक्षा असते. ऑइल बदलण्याची तारीख मेकॅनिकने चिकटवलेल्या स्टिकरवर ठळक लिहिलेली असते. परंतु ते स्टिकर सीटखाली लावलेले असल्याने आणि सीट पेट्रोल भरतानाच घाईने उघडली जात असल्याने, तिचे वाचन पुढील ऑइल बदलण्याच्या वेळीच होते.

साखळी सैल झाली तरी आवाज लगेच सुरू होत नाही, याचे श्रेय टेन्शनर या भागाला द्यावे लागते. साखळीच्या सैल बाजूला रबरी किंवा प्लॅस्टिकचे आवरण असलेली एक लवचीक पट्टी टेकलेली असते आणि तिला मागून रेटणारा, आत स्प्रिंग असलेला एक छोटा दट्ट्या म्हणजे टेन्शनर. साखळी जसजशी लांबते तसतसा हा दट्ट्या आपोआप पुढे सरकतो आणि ढिलाई गिळून टाकतो. पुढे सरकलेला तो मागे मात्र येत नाही, कारण त्याची रचनाच तशी केलेली असते. ही योजना अतिशय चातुर्याची आहे, पण तीतच अनर्थाचे मूळ आहे, कारण टेन्शनरच्या पुढे सरकण्याला मर्यादा असते आणि ती संपेपर्यंत मालकाला कसलीही सूचना मिळत नाही. पुष्कळ घरांत कोणाच्या तरी उशिरा येण्याची, विसरण्याची आणि खर्चाची ढिलाई गुपचूप भरून काढणारी एक व्यक्ती असते, आणि ती एक दिवस भांडी आपटू लागली की ‘अचानक काय झालं?’ असा प्रश्न विचारला जातो. टेन्शनरची स्थिती नेमकी हीच आहे. खडखड सुरू होते तेव्हा साखळी त्या दिवशी बिघडलेली नसते, त्या दिवशी टेन्शनरची सहनशक्ती संपलेली असते.

येथे एका ऐतिहासिक गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे. स्कूटरविषयी अधिकारवाणीने बोलणारी महाराष्ट्रातील ज्येष्ठ पिढी ज्या वाहनांवर घडली, त्यांत टायमिंग चेन नव्हतीच. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून बाहेर पडू लागलेली बजाज चेतक, त्याच सुमारास आलेली कायनेटिकची लुना आणि 1984 सालची, बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा ही सर्व टू स्ट्रोक वाहने होती. टू स्ट्रोक इंजिनाला वरच्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या पाडलेल्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या आपल्याच अंगाने उघडतो नि झाकतो. झडपा नाहीत, म्हणून कॅमशाफ्ट नाही, म्हणून साखळी नाही. ती पिढी स्कूटर एका बाजूला कलती करणे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे आणि पेट्रोलमध्ये ऑइलचे प्रमाण डोळ्यांनी ठरवणे या तीन विद्यांत पारंगत होती, आणि या तिन्हींपैकी एकीचाही टायमिंग चेनवर परिणाम होत नाही. या शतकाच्या आरंभी प्रदूषणाचे निकष कडक होऊ लागले, अ‍ॅक्टिव्हासारख्या फोर स्ट्रोक स्कूटर घरोघर आल्या आणि पार्किंगमधल्या सल्ल्याचा पाया निखळला, पण सल्ला निखळला नाही. आजही स्कूटर खडखडू लागली की ‘जरा आडवी करून बघ’ असे सांगणारा एक तरी गृहस्थ जिन्यावरून उतरतोच. चेतक या नावाची स्कूटर 2020 पासून विजेवर धावू लागली आहे आणि विजेच्या मोटारीलाही टायमिंग चेन नसते. म्हणजे या गृहस्थांनी मधली वीसेक वर्षे वगळून थेट नवी चेतक घेतली असती, तर त्यांच्या ज्ञानात खंडच पडला नसता.

खडखडीच्या निदानाचा विषय मात्र विस्ताराने पाहण्यासारखा आहे. शास्त्रानुसार सैल टायमिंग चेनचा आवाज सकाळी, इंजिन थंड असताना, सुरू केल्याबरोबर स्पष्ट ऐकू येतो; तेल वर चढले आणि इंजिन तापले की तो कमी होतो; आयडलिंगला तो पुन्हा डोके वर काढतो आणि थोडा रेस दिल्यावर इतर आवाजांत मिसळतो. या लक्षणांचा व्यावहारिक परिणाम असा, की दुपारी स्कूटर गॅरेजापर्यंत चालवत नेली की आवाज नाहीसा झालेला असतो आणि मालकाला तोंडाने खडखड करून दाखवावी लागते. या अनुकरणात व्यक्तिगणिक फार तफावत आढळते. काहींचा आवाज डब्यातल्या सुपाऱ्यांचा असतो, काहींचा शिवणयंत्राचा, आणि काही सुशिक्षित माणसे संकोचामुळे इतका सौम्य आवाज काढतात की मेकॅनिक ऑइल बदलून त्यांना परत पाठवतो. अनुभवी मेकॅनिक या सादरीकरणाकडे दुर्लक्ष करून स्कूटर रात्रभर ठेवून घेतो आणि सकाळी एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाच्या अंगाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरतो. पोलादातून आवाज हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने आणि स्वच्छ जातो, त्यामुळे हेडजवळचा झडपांच्या टॅपेटचा टकटकाट, बाजूच्या साखळीची खडखड आणि चाकाकडे शक्ती नेणाऱ्या पट्ट्याच्या बाजूची रोलरची करकर त्याला वेगळी ऐकू येते. मालकाला हे दृश्य डॉक्टरी तपासणीसारखे वाटते, तो आपोआप आवाज खाली आणतो आणि ‘किती दिवसांपासून?’ या प्रश्नाला खोटे उत्तर देतो.

खोटे उत्तर देण्यामागे वाईट हेतू नसतो. प्रश्नच घरात अनुत्तरित असतो. पुण्यातील सर्वसामान्य स्कूटर ही संयुक्त कुटुंबाच्या मालमत्तेप्रमाणे वापरली जाते: सकाळी ती मुलीबरोबर महाविद्यालयात जाते, दुपारी आईबरोबर मंडईत आणि संध्याकाळी वडिलांबरोबर बँकेत किंवा नुसतीच टेकडीच्या पायथ्याशी. प्रत्येक चालकाने आवाज ऐकलेला असतो आणि आधीच्या चालकाने काहीतरी केले असावे असा प्रत्येकाचा निष्कर्ष असतो. मुलगी गाणी ऐकत असल्याने तिची साक्ष ग्राह्य धरली जात नाही, आईने तीन महिन्यांपूर्वीच सांगितलेले असते पण ते ‘स्कूटरला काहीतरी होतंय’ अशा शब्दांत सांगितल्यामुळे तांत्रिक दृष्ट्या अपुरे ठरवलेले असते, आणि वडिलांच्या मते आवाज पहिल्यापासूनच आहे. ‘पहिल्यापासूनच आहे’ हे यंत्रशास्त्रातील अत्यंत लोकप्रिय पण अत्यंत निराधार विधान होय. वस्तुस्थिती अशी असते की आवाज रोज इतका थोडा वाढतो, की कानाची सवय त्याच्या बरोबरीने वाढत राहते. आणि ज्या दिवशी दुसऱ्या गावाहून आलेला मेव्हणा स्कूटर चालवून परत येतो आणि ‘इंजिनाचं काम निघालंय’ असे म्हणतो, त्या दिवशी घरातील सर्वांना तो आवाज एकाच क्षणी ऐकू येऊ लागतो.

यानंतर अर्थकारण. टायमिंग चेन स्वतः स्वस्त वस्तू आहे. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात ती काही शे रुपयांत मिळते. दुकानदार ओरिजिनल आणि ‘तशीच’ अशा दोन प्रती काउंटरवर ठेवतो आणि दोहोंतील फरक विचारला असता दुसरीकडे बोट दाखवून ‘ही पण चालते’ एवढेच म्हणतो, ज्यात किती दिवस चालते याचा उल्लेख नसतो. मालक स्वस्त साखळी विजयी मुद्रेने गॅरेजात आणतो आणि मजुरीचा आकडा ऐकून खुर्चीवर बसतो. साखळीपेक्षा तिच्यापर्यंतचा रस्ता महाग आहे, हे त्याला समजावून सांगावे लागते. अशा बहुतेक स्कूटरमध्ये इंजिनाच्या डाव्या अंगाला चाकाकडे शक्ती नेणारा रबरी पट्टा असतो आणि उजव्या अंगाला थंड हवा फेकणारा पंखा, पंख्यामागे मॅग्नेट, मॅग्नेटमागे विजेची गुंडाळी, तिच्यामागे ऑइल अडवणारे झाकण आणि त्या झाकणाआड क्रँकवरचे ते छोटे दातेरी चाक. तेथवर जाण्यासाठी सीट, डिकी आणि प्लॅस्टिकचे पॅनेल उतरवावे लागतात. पॅनेल स्क्रूंखेरीज आतल्या बाजूच्या नाजूक खुंट्यांवर अडकवलेले असते. त्यांतील एक खुंटी तुटतेच, आणि ती ‘आधीच तुटलेली होती’ हे मेकॅनिकचे म्हणणे वर उल्लेखलेल्या ‘आवाज पहिल्यापासूनच आहे’ या विधानाला दिलेले रास्त उत्तर समजावे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा क्रम असा. इंजिन थंड झाल्यावर ऑइल काढून टाकतात, प्लग काढतात, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब राहत नाही आणि क्रँक हाताने सहज फिरतो. हेडवरचे झाकण उघडले की कॅमशाफ्ट आणि रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का झडपेपर्यंत नेणाऱ्या छोट्या तरफा, दिसू लागतात. मॅग्नेटच्या कडेवर इंग्रजी टी अक्षर कोरलेले असते. ते इंजिनाच्या अंगावरील खुणेसमोर आणले की पिस्टन सर्वांत वरच्या टोकाला आहे असे समजावे. येथे एक मेख आहे. पिस्टन चार फेऱ्यांत दोनदा वर येतो, त्यामुळे टी ही खूणही दोनदा समोर येते, आणि दोहोंपैकी ज्या वेळी दोन्ही रॉकर हाताला सैल लागतात तीच खरी. नवशिक्याला दोन्ही टी सारखेच दिसतात, हा त्याचा दोष नव्हे. ते एकच टी असते. यानंतर टेन्शनरच्या मागचा छोटा स्क्रू काढून, त्या भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हरने आतला दांडा फिरवून दट्ट्या मागे घेतात. आयुष्यभर पुढेच सरकलेला हा भाग प्रथमच मागे येतो आणि साखळीची खरी ढिलाई तेव्हा नजरेस पडते. मालक उपस्थित असेल तर मेकॅनिक ती बोटाने उचलून दाखवतो आणि काही बोलत नाही.

मॅग्नेट काढणे हा या कार्यातील सर्वांत गंभीर प्रसंग होय. मॅग्नेट म्हणजे आतून चुंबक बसवलेले जड लोखंडी चाक. ते क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असते आणि नट काढला तरी जागचे हलत नाही. त्यासाठी पुलर नावाचे साधन मॅग्नेटच्या मधल्या आट्यांत फिरवून बसवतात आणि त्याचा मधला बोल्ट आवळत नेतात, म्हणजे मॅग्नेट एका खाड्‌कन आवाजासह सुटते. पुलर जवळ नसल्यास हातोडीचा प्रयोग करण्याची परंपरा आहे, पण तिच्यामुळे क्रँकचे टोक आणि आटे बिघडल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजच्या कोपऱ्यातील भंगारात पाहावयास मिळतात. मॅग्नेट सुटल्यावर क्रँकवरची अर्धचंद्राकृती छोटी चावी निसटून पडते. मॅग्नेट क्रँकवर नेमक्या एकाच जागी बसावे हे तीच ठरवत असल्याने तिला शोधावेच लागते, आणि ती आकाराने तुरीच्या डाळीहून फार मोठी नसल्याने हा शोध बराच काळ चालतो. याउलट ज्या वस्तू सापडू नयेत त्या मॅग्नेटला सापडतात: जमिनीवर ठेवल्या ठेवल्या ते जवळपासचे वॉशर, लोखंडाचा कीस आणि शेजारच्या स्कूटरचा एखादा स्क्रू आपल्याकडे ओढून घेते, आणि तो कचरा पुसून न काढता मॅग्नेट परत बसवले तर आतील गुंडाळीचा चोथा होतो. म्हणून समजूतदार मेकॅनिक मॅग्नेट उपडे आणि स्वच्छ फडक्यावर ठेवतो. दुसरे फडके तो साखळीच्या विहिरीत कोंबतो, कारण हेडमधला एखादा बोल्ट त्या अरुंद पोकळीतून खाली घरंगळला, तर त्याला परत आणण्यासाठी इंजिनाचे दोन तुकडे करावे लागतात आणि मालकाला काय सांगायचे याचाही विचार करावा लागतो.

जुनी साखळी काढून नवीन घालण्यास प्रत्यक्षात फार वेळ लागत नाही, आणि याच टप्प्यावर बघ्यांची उत्सुकता ओसरते. परंतु सर्वांत मोठी चूक याच टप्प्यावर होते. टी खूण समोर, कॅमच्या चाकावरील रेषा हेडच्या कडेशी समांतर आणि साखळीची ताणलेली बाजू पूर्ण सरळ, अशा तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून यावयास हव्यात. कॅमच्या चाकाला 34 दाते असतील, तर साखळी एका दात्याने चुकीची बसल्यास कॅम साडेदहा अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबात एकवीस अंशांनी चुकतो. अशी स्कूटर एक तर सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन सायलेन्सरमधून फटाके वाजवते. चूक याहून मोठी असली तर पिस्टन वर येताना उघड्या झडपेवर आदळून ती वाकवू शकतो. यास्तव टेन्शनर सोडल्यानंतर बटण दाबण्यापूर्वी क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहण्याचा नियम आहे. हाताला कोठे अडल्यासारखे वाटले तर जोर लावावयाचा नसतो; जोर लावण्याची इच्छा मात्र नेमकी तेथेच होते. या वेळी ‘सेल्फ मारून बघा ना’ असा आग्रह धरणाऱ्या मालकास चहा सांगण्यासाठी बाहेर पाठवण्याची काही गॅरेजांतील पद्धत सर्वत्र अनुकरणीय आहे.

साखळीबरोबर टेन्शनर आणि गाइड, म्हणजे साखळी जिच्यावरून घसरते ती पट्टी, हेही बदलावे असे मेकॅनिक सुचवतो तेव्हा त्यात त्याचा डाव असल्याचा संशय घेतला जातो. हा संशय गैरलागू आहे. जुन्या गाइडवर साखळीने खोल चर पाडलेले असतात आणि जुन्या टेन्शनरची स्प्रिंग थकलेली असते. तिन्हींपैकी एकच नवे घातले तर शंभर-दोनशे रुपये वाचतात आणि वर्ष-दीड वर्षात तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. दोन्ही स्प्रॉकेटचे दाते टोकदार झाले असतील तर तेही बदलणे योग्य, कारण नवी साखळी जुन्या दात्यांवर लवकर जुनी होते. ऑइल सील आणि कागदी पॅकिंग तर नवेच घालावे लागते. ‘जुनंच बसवा, चांगलं आहे’ असे म्हणून वाचवलेल्या पैशांचे डाग पुढे कित्येक महिने पार्किंगच्या फरशीवर मोजता येतात.

काम पूर्ण झाल्यावर मेकॅनिक जुनी आणि नवी साखळी एका बोटावर शेजारीशेजारी लोंबकळती धरून दाखवतो. जुनी किंचित लांब दिसते. ती आडवी धरली तर काखेतून निसटणाऱ्या छत्रीइतकी वाकते, नवी जवळजवळ सरळ राहते. मालकाच्या चेहऱ्यावर या वेळी निराशा उमटते. एवढा खर्च, एवढा आवाज आणि दोन दिवस रिक्षाने केलेला प्रवास यांच्या मानाने साडेचार मिलिमीटरचा फरक त्याला अपमानकारक वाटतो, आणि काहीतरी ठळकपणे तुटलेले, वाकलेले किंवा जळलेले दाखवले असते तर त्याने बिल अधिक आनंदाने चुकते केले असते. तरीही तो जुनी साखळी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेतो. घरात ती पुढे कोणीही वापरत नाही आणि कोणीही टाकत नाही.

ज्या वाचकांच्या घरी अशी स्कूटर आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा सकाळी ती सुरू केल्यावर गाणी, फोन आणि हेल्मेट यांच्या आधी पहिले अर्धे मिनिट इंजिन ऐकावे, ऑइलच्या स्टिकरवरील तारीख सीट उघडलीच आहे तर वाचावी आणि काम निघालेच तर साखळी, टेन्शनर व गाइड एकाच वेळी बदलून घ्यावे. काम झाल्यानंतर पहिल्या दिवशी एक नवाच आवाज ऐकू येईल आणि मेकॅनिकने काहीतरी बिघडवले असे वाटेल. तो बहुधा मागच्या नंबरप्लेटचा असतो, इतके दिवस खडखडीत दबून गेलेला. त्यासाठी इंजिन पुन्हा उघडू नये; प्लेटचे दोन स्क्रू आवळावेत.